बर्फात गॉगल हा नखरा नव्हे



नाताळच्या सुट्टीचे आणि पुढच्या मे महिन्याचे बेत आता घरोघर ठरू लागले असतील. कुणी मनालीला निघालंय, कुणी गुलमर्गला, कुणी औलीला. त्याबरोबर सामानाच्या याद्याही फिरू लागतात. थर्मलचे दोन जोड, लोकरीचे मोजे, कानटोपी, हातमोजे, व्हॅसलीन, खोकल्याचं औषध आणि वाटेत तोंडात टाकायला चिवडा-चकली. थंडीशी लढायची आपली तयारी अशी जय्यत असते. या यादीत गॉगल असलाच तर अगदी शेवटी असतो, आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलेलं असतं, ‘फोटोसाठी’.

यात आपला फारसा दोष नाही. आपल्या घरांत काळ्या चष्म्याला पूर्वापार दोनच अर्थ होते. एक सिनेमातल्या हिरोचा आणि दुसरा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजोबांचा. धडधाकट माणसाने तो लावला की कुणीतरी ‘काय, आज हिरो!’ म्हणणारच. बर्फ म्हणजे आपल्यासाठी आयुष्यातले तीन-चार दिवस, तेव्हा तिथल्या लोकांची सवय आपल्या अंगात मुरायची कुठून? म्हणून यंदाच्या सदरात हा एकच विषय घेतोय. बर्फात गॉगल ही कानटोपीइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त गरजेची वस्तू आहे. कानटोपी विसरली तर कान लगेच तक्रार करतात. डोळे तशी तक्रार करत नाहीत, आणि सगळी गोम तिथेच आहे.

ऊन पडतं आणि ऊन लागतं

आपल्या भाषेत उन्हाची दोन क्रियापदं आहेत. ऊन ‘पडतं’ आणि ऊन ‘लागतं’. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात, त्यामुळे त्या वेगळ्या आहेत हे लक्षातच येत नाही. अंगाची काहिली झाली की ऊन कडक आहे, असं आपलं साधं मोजमाप. बर्फात हे मोजमाप चुकतं. तिथे ऊन भरपूर पडतं, पण लागत नाही. हवा शून्याच्या आसपास, अंगावर चार थर, मग उन्हाची भीती कशी वाटणार? उलट ‘जरा उन्हात बसू या’ असंच सगळे म्हणतात.

कारण असं, की ऊन म्हणजे एकच एक गोष्ट नाही. आपल्याला उबेच्या रूपात जाणवतो तो भाग वेगळा, डोळ्यांना दिसतो तो प्रकाश वेगळा, आणि न दिसणारे, न जाणवणारे अतिनील किरण वेगळे. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्यांना जंबुपार किरण म्हणत. कातडी रापते ती यांच्यामुळे आणि डोळ्यांना इजा करतात तेही हेच. हवा थंड आहे म्हणून हे किरण कमी होत नाहीत. पातळ ढग असले तरी त्यांतून नव्वद टक्क्यांहून अधिक अतिनील किरण खाली येऊ शकतात. त्यामुळे ‘आज आभाळ आहे, गॉगल कशाला’ हे म्हणणं बर्फात टिकत नाही.

खालून येणारं ऊन

आता थोडा हिशेब करू. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेलं की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, कारण त्यांना अडवणारा हवेचा थर पातळ होत जातो. इंदूर आणि हैदराबाद ही दोन्ही शहरं साधारण ५०० ते ५५० मीटर उंचीवर आहेत. वडोदरा तर समुद्राच्या पातळीच्या जवळच. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे. गुलमर्ग २,६५० मीटरवर, आणि तिथला गंडोला दुसऱ्या टप्प्यात आपल्याला ३,९०० मीटरच्या पुढे नेऊन सोडतो. म्हणजे ऋतू आणि वेळ सारखी धरली, तर केवळ उंचीमुळे इंदूरच्या तुलनेत रोहतांगला एक तृतीयांशाने तरी जास्त मारा.

पण उंची हा हिशेबाचा लहान भाग आहे. मोठा भाग पायाखाली असतो. गवत, माती आणि पाणी आपल्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी १० टक्केसुद्धा परत फेकत नाहीत. गोव्याच्या किनाऱ्यावरची कोरडी वाळू साधारण १५ टक्के परत फेकते आणि समुद्राचा फेस २५ टक्के. ताजा बर्फ मात्र ८० टक्क्यांपर्यंत परत पाठवतो. थोडक्यात, बर्फाच्या मैदानात उभ्या असलेल्या माणसाला एक सूर्य डोक्यावर असतो आणि जवळजवळ तेवढाच दुसरा पायांखाली पसरलेला असतो.

आपला चेहरा या दुसऱ्या सूर्यासाठी घडलेलाच नाही. वरून येणाऱ्या उन्हासाठी भुवयांचं हाड पुढे आलेलं आहे, वरची पापणी आहे, आणि वर टोपी घालायची सोय आहे. शेतात किंवा रस्त्यावर एवढ्यावर भागतं. खालून येणाऱ्या उन्हाला मात्र काहीच आड येत नाही. टोपीचा पन्हा तर उलट खालून आलेले काही किरण पुन्हा चेहऱ्याकडेच वळवतो. म्हणून ‘मी हॅट घातली आहे, मला गॉगल नको’ हेही बर्फात चालत नाही. दोन्ही हवं.

ऋतूंबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आकाशात खाली असतो, त्यामुळे अतिनील किरणांचं एकूण प्रमाण उन्हाळ्यापेक्षा कमी असतं. पण त्याच कारणाने तो सरळ डोळ्यांत येतो, आणि बर्फ अगदी ताजा, पांढराशुभ्र असतो. शिवाय २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून भर हिवाळ्यातही मनालीहून पलीकडे सिस्सूपर्यंत जाणं सोपं झालं आहे. पूर्वी ज्या दिवसांत पर्यटक सोलंगच्या आसपासच थांबत, त्या दिवसांत आता कुटुंबंच्या कुटुंबं लाहौलच्या बर्फात दिवस घालवतात. मे महिन्यात गोष्ट उलटी होते. बर्फ जुना आणि थोडा मळलेला असतो, पण सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. शाळांच्या सुट्ट्यांमुळे आपल्यातले बरेच जण रोहतांगला जातात ते नेमके याच दिवसांत. तेव्हा दोन्ही हंगामांत गॉगलला सुट्टी नाही.

डोळ्यात नेमकं काय होतं

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. अतिनील किरणांतल्या तीव्र भागाचा पहिला मार तोच झेलतो. मार जास्त झाला की त्याच्या वरच्या थरातल्या पेशी दुखावतात आणि गळून पडू लागतात. त्या थराखालच्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात आणि मग डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं होतं. यालाच हिमांधत्व म्हणतात. नाव भयंकर आहे, पण बहुतेक वेळा ते कायमचं नसतं. कातडी उन्हाने भाजते तसा हा डोळा भाजण्याचा प्रकार आहे.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप केलेल्यांना हा प्रकार दुसऱ्या नावाने माहीत असेल. वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं की रात्री डोळे पेटतात. रोग तोच, फक्त तिथे किरण विजेच्या ठिणगीतून येतात आणि इथे बर्फावरून. वेल्डिंग करणाऱ्याच्या हातात काळी काच नसेल तर आपण त्याला बेफिकीर म्हणतो. बर्फात उघड्या डोळ्यांनी दिवस काढणाऱ्याला मात्र आपण ‘निसर्गाचा आनंद घेतोय’ म्हणतो.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की त्रास लगेच होत नाही. तो साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात जी चूक स्क्रीनवर लगेच लाल अक्षरांत दिसते तिची कुणाला भीती वाटत नाही. दिवसभर सगळं सुरळीत दाखवून मध्यरात्री सिस्टिम पाडते ती चूक घातक. बर्फाचं ऊन या दुसऱ्या जातीचं आहे.

सहलीच्या वेळापत्रकावर हे मांडून पाहा. सकाळी दहाला बर्फात पोचलात. घसरगुंडी, बर्फाचा माणूस, मॅगी, फोटो. चारला खाली उतरलात. तोवर डोळ्यांना काहीच झालेलं नाही, म्हणून सगळे खूश. रात्री नऊ-दहाला, कदाचित दिल्लीकडे निघालेल्या रात्रीच्या बसमध्ये, धाकटा रडायला लागतो. डोळे उघडत नाहीत, पाणी थांबत नाही, मोबाईलचा उजेडही सहन होत नाही. घरच्यांना वाटतं धूळ गेली, नाहीतर डोळे आले. बर्फाचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण बर्फ मागे राहून सहा तास झालेले असतात. डोळे येतात तेव्हा बहुधा चिकट घाण येते आणि पुष्कळदा सुरुवात एका डोळ्यापासून होते. इथे सहसा दोन्ही डोळे एकदमच दुखतात, टोचल्यासारखं वाटतं आणि उजेड अजिबात नकोसा होतो. दिवस बर्फात गेला असेल तर आधी हाच संशय घ्यावा.

मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही

ही फक्त हौशी पर्यटकांची अडचण आहे असं समजू नका. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा नेता एडवर्ड नॉर्टन हा कसलेला गिर्यारोहक होता. ४ जून १९२४ रोजी तो जोडीच्या प्राणवायूशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत पोचला. इतक्या उंचीवर तोवर कुणीही चढून पोचल्याची नोंद नव्हती. त्या दिवशी तो बर्फावरून कमी आणि खडकावरून जास्त चालत होता. पायाखाली काळा खडक आहे, इथे चकाकी नाही, आणि पाऊल कुठे ठेवायचं ते नीट दिसलं पाहिजे, म्हणून त्याने गॉगल काढून ठेवला. त्याच रात्री त्याला हिमांधत्व आलं आणि पुढचे साधारण साठ तास तो पाहू शकत नव्हता. ६ जूनला मॅलरी आणि अर्विन शिखराकडे निघाले, तेव्हा नेता तंबूत डोळे मिटून पडलेला होता. त्याने त्यांना निरोप दिला तो न पाहताच. ते दोघे परत आले नाहीत. त्यांचं जे झालं त्याचा नॉर्टनच्या डोळ्यांशी संबंध जोडता येत नाही, पण चकाकी दिसत नाही म्हणजे किरणही नाहीत, हा अंदाज किती महाग पडू शकतो हे मात्र कळतं.

गंमत म्हणजे ज्यांना अतिनील किरण हा शब्दही माहीत नव्हता, त्यांना उपाय माहीत होता. सुमारे इसवी सनापूर्वी ४०० मध्ये ग्रीक सेनानी झेनोफन आर्मेनियाच्या बर्फातून सैन्य घेऊन परतत होता. त्याने लिहून ठेवलं आहे, की डोळ्यांपुढे काहीतरी काळं धरून चालणाऱ्या सैनिकांचे डोळे वाचले. आर्क्टिक प्रदेशातले इनुइट लोक हाड, हस्तिदंत किंवा लाकडाच्या पट्टीला आडवी बारीक चीर पाडून ती डोळ्यांवर बांधत. तिबेटात याकच्या केसांची विणलेली जाळीदार पट्टी डोळ्यांवर बांधायची पद्धत होती. इनुइटांच्या त्या चष्म्याला तर काच नव्हतीच. उजेड आत येण्याची वाटच अरुंद केली, की काम झालं. वर, खाली आणि बाजूला सगळीकडून डोळा झाकलेला. गॉगल घेताना ही गोष्ट आपणही लक्षात ठेवायची आहे.

काळी काच म्हणजे सुरक्षित काच नव्हे

आता बाजाराकडे वळू. गॉगल घेताना आपण काच किती काळी आहे ते पाहतो. पण काळेपणा दिसणारा प्रकाश कमी करतो. अतिनील किरण अडवणं हा काचेचा वेगळा गुण आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पूर्ण पारदर्शक काचही हे किरण उत्तम अडवू शकते, आणि काळीकुट्ट काचही ते सोडू शकते.

न अडवणारी काळी काच तर साध्या डोळ्यांपेक्षा वाईट ठरू शकते. अंधार झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. तीव्र उजेडात आपण डोळे बारीक करतो, तेही काळ्या काचेमागे करत नाही. म्हणजे दार सताड उघडून पाहुण्यांना आत बोलावल्यासारखं झालं. म्हणून गॉगल घेताना पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

एक, ‘यूव्ही ४००’ किंवा ‘शंभर टक्के यूव्ही संरक्षण’ अशी खूण. ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजेच सगळे अतिनील किरण अडतात.

दोन, काचेचा वर्ग. चांगल्या गॉगलच्या काडीवर किंवा कागदावर ० ते ४ असा आकडा असतो. ३ क्रमांकाची काच दिसणाऱ्या प्रकाशापैकी ८ ते १८ टक्के आत सोडते. पर्यटकाच्या बर्फातल्या दिवसासाठी ही बहुतेक ठिकाणी पुरते. ४ क्रमांकाची ३ ते ८ टक्केच सोडते. ती हिमनद्या आणि खूप उंचावरच्या बर्फासाठी. पण ४ क्रमांकाची काच लावून गाडी चालवायची नसते, हे चालकाने विसरू नये.

तीन, आकार. चेहऱ्याला वळसा घालून बसणारा, बाजूने आणि खालून कमीत कमी फट ठेवणारा गॉगल हवा. फॅशनच्या छोट्या गोल काचा बर्फात उपयोगाच्या नाहीत, कारण किरण त्यांच्या कडेने आत शिरतात.

चार, पोलराइज्ड हा शब्द. ही काच चकाकी छान कमी करते, पण चकाकी कमी करणं आणि अतिनील किरण अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. नुसतं पोलराइज्ड लिहिलेलं पाहून समाधान मानू नका, यूव्हीची खूण शोधाच. स्की करणाऱ्यांना अशा काचेतून कधीकधी घट्ट झालेल्या बर्फाची चमक ओळखायला अडचण येते, हेही ध्यानात असू द्या.

घरात पडलेला गॉगल कसा आहे हे कसं कळणार? बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत यूव्ही तपासायचं छोटं यंत्र असतं, तिथे दोन मिनिटांत कळतं. नाहीतर एक ढोबळ चाचणी घरी करता येते. नोटा तपासायचा यूव्ही दिवा कुणाकडे असेल तर त्याच्या उजेडात पाचशेची नोट धरा. तिचा क्रमांक चमकताना दिसेल. आता गॉगलची काच दिवा आणि नोट यांच्या मध्ये धरा आणि नोटेकडे बाजूने, काचेतून नव्हे, पाहा. चमक विझली तर काच काम करते आहे. चमक तशीच राहिली तर तो गॉगल नाटकातल्या पोलिसाला देऊन टाका. दिव्याकडे मात्र थेट पाहू नका. ही चाचणी नापास काच पकडण्यासाठी आहे. पास झालेल्या काचेची खात्री दुकानातल्या यंत्रावरच करा.

चष्मेवाले, आजी-आजोबा आणि मुलं

ज्यांना नंबर आहे त्यांची पंचाईत ठरलेली. गॉगल लावला तर दिसत नाही, चष्मा लावला तर गॉगल बसत नाही. यावर तीन उपाय आहेत. नंबरचा गॉगल करून घ्या, चष्म्यावर अडकवायच्या काळ्या काचा घ्या, किंवा चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल घ्या. तिसरा सगळ्यांत स्वस्त आणि बाजूंनीही झाकणारा. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा थंडीत जास्त गडद होतात, त्यामुळे बर्फात त्या चांगलं काम करतात. पण गाडीत बसल्यावर समोरची काच अतिनील किरण अडवते आणि मग त्या नीट काळ्या होत नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी लेन्सवर यूव्ही लिहिलं असलं तरी गॉगल लावावाच. लेन्स डोळ्याचा मधला भागच झाकते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या मंडळींच्या नव्या भिंगात बहुधा यूव्ही अडवायची सोय असते. पण ते भिंग डोळ्याच्या आत आहे आणि कॉर्निया बाहेर. तेव्हा आजोबांनाही सूट नाही.

सगळ्यांत जास्त काळजी मुलांची घ्यायची. लहान मुलाच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असतं, त्यामुळे त्यातून जास्त अतिनील किरण आत पोचतात. त्यात मुलं बर्फात करतात काय? खाली बघून खेळतात. म्हणजे त्यांची नजर तासन्‌तास थेट त्या खालच्या सूर्याकडे. आणि सहलीचे फोटो पाहिलेत तर आई-बाबांच्या डोळ्यांवर भारी गॉगल असतो आणि मूल मात्र उघड्या डोळ्यांनी किलकिलं हसत असतं. जत्रेतला रंगीत प्लास्टिकचा गॉगल हा खेळणं आहे, त्याची गणती करू नका. मुलांसाठी मागून इलॅस्टिकचा पट्टा असलेला, यूव्ही ४०० लिहिलेला गॉगल घ्या आणि निघायच्या आधी आठ दिवस घरीच त्याची सवय लावा. बर्फात पोचल्यावर पहिल्यांदा लावलात तर तो पाच मिनिटांत फेकला जाणार.

आता फोटोबद्दल. ‘गॉगल काढा, डोळे दिसू देत’ असं फोटो काढणारा म्हणतोच. दोन मिनिटांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर, कारण काढलेला गॉगल डोक्यावर चढतो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहतो. डोक्यावरचा गॉगल फक्त केस सांभाळतो. काचेवर वाफ धरते म्हणूनही बरेच जण तो काढतात. मफलर नाकावरून घेतला की श्वासाची वाफ वर काचेत जाते, म्हणून तो नाकाखाली घ्या किंवा हवा खेळायला भोकं असलेला गॉगल निवडा. आणि घरातल्या माणसांपेक्षा एक गॉगल जास्त न्या. बर्फात पडलेली वस्तू सहसा सापडत नाही.

झालंच तर

एवढं करूनही कुणाचे डोळे दुखायला लागले तर घाबरू नका. आधी अंधाऱ्या खोलीत न्या. लेन्स असतील तर काढा. डोळे चोळू देऊ नका, चोळल्याने दुखावलेला थर आणखी सोलतो. मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवा. दुखण्यासाठी नेहमीची सोसणारी वेदनाशामक गोळी चालते, मुलांना मात्र डॉक्टरांना विचारून. गुलाबपाणी, मध, तूप, कच्चं दूध यांतलं काहीही डोळ्यांत घालू नका. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने स्टेरॉइडचे किंवा डोळा बधिर करणारे थेंब आणू नका. बधिर करणाऱ्या थेंबांनी बरं वाटतं, पण ते पुन्हा पुन्हा घातले तर जखम भरायला उशीर होतो.

बहुतेकांना एक ते तीन दिवसांत पूर्ण बरं वाटतं. एका दिवसात उतार पडला नाही, धूसर दिसत राहिलं किंवा घट्ट स्राव येऊ लागला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. बरं झाल्यावर पुन्हा उन्हात जाताना गॉगल हवाच.

जे तिथेच राहतात

शेवटी एक गोष्ट, जी सहलीच्या धांदलीत आपल्या नजरेतून सुटते. आपण बर्फात एक दिवस काढतो. गुलमर्गला आपली स्लेज ओढणारा माणूस अख्खा हंगाम काढतो. घोडेवाला, भाड्याने बूट देणारा, उतारावर उभा राहून फोटो काढणारा, आणि खिंडीतला रस्ता मोकळा ठेवण्यासाठी दूरच्या राज्यांतून आलेला मजूर, यांचं कामाचं ठिकाणच बर्फ आहे. एका दिवसाच्या माऱ्याने डोळे भाजतात आणि बरे होतात. वर्षानुवर्षांच्या माऱ्याचा हिशेब वेगळा असतो. मोतीबिंदूची कारणं अनेक आहेत, त्यांत अतिनील किरण हे एक आहे. बुबुळावर मांस चढण्यामागेही त्यांचा हात असतो. यांतले बरेच जण उघड्या डोळ्यांनी किंवा वाटेवर मिळणाऱ्या साध्या काळ्या काचेवर भागवतात.

वर मी एक जास्तीचा गॉगल न्यायला सांगितला. तो हरवला नाही, तर परत आणू नका. ज्याने दिवसभर तुमच्या मुलाला स्लेजवरून फिरवलं, त्याला निघताना ‘भैया, ये रख लो’ म्हणून द्या. त्यात यूव्ही अडवायची काच आहे, हेही त्याला समजावून सांगा, म्हणजे पुढचा गॉगल घेताना तोही खूण पाहून घेईल. बक्षिशीचे शंभर रुपये संध्याकाळपर्यंत संपतात. चांगली काच मात्र त्याच्या डोळ्यांवर पुढचे दोन-तीन हंगाम तरी राहील.